टेपवरचा आईचा आवाज

शनिवार, १२ ऑगस्ट १९७८

ध्वनिमुद्रणाच्या तासासाठी घरातल्या कुणाची तरी मुलाखत टेप करायची होती. मी आईची घेतली. गिरणीतला पहिला दिवस तिने किती छान सांगितला, पण सगळा आपल्या बोलीत. वर्गातल्या मुली हसतील म्हणून आज सकाळी मी तिचा आवाज पुसला आणि तेच सगळं शुद्ध भाषेत स्वतःच बोलले.

बाईंनी टेप ऐकून विचारलं, "यात आई कुठे आहे?" मग त्यांनी शाळेचं टेपमशीन पुन्हा सोमवारपर्यंत घरी ठेवायला दिलं.

घरी आई वाट पाहत होती. "आयकला काय वं बाईनं माहा आवाज? पोरी हासल्या तं नाही?"

म्हणजे तिलाही तीच भीती होती. मी काय केलं ते सांगून टाकलं. ती हळूच म्हणाली, "मले सांगाचं होतं. मी शुद्ध बोलली असती."

हे फार लागलं. का पुसला मी तो आवाज?

मशीन लावून म्हटलं, "नाही वं आई, तू बोलतं तशीच बोल."

फोटो काढायचा असावा तसे तिने केस सारखे केले आणि बोलायला लागली. बटण मी आधीच दाबलं होतं, त्यामुळे माझं वाक्यही टेपवर आलंय. राहू दे. सोमवारी वर्गात हेच ऐकवणार.