दोघींचा एकच पत्ता

सोमवार, ३
मिळाली एकदाची नोकरी! इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर छोटीशी खोली, खिडकीतून भरपूर ऊन, टेबलाचा एक पाय लंगडा. इथल्या दोनशे चौदा कॉम्प्युटरांची यादी करायची आहे. प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. कुठला निरोप कुणाकडे पोचवायचा ते नेटवर्कला त्यावरूनच कळतं. पत्ता जुळला की झालं, समोर कोण आहे ते बघतंय कोण! दुपारी आईला फोन केला. जेवलीस का, हे तिनं तीनदा विचारलं. वायरमनकाकांनी चहा पाजला, वर साहेबांची नक्कल करून दाखवली. छान जमणार माझं इथे.

बुधवार, ५
आज एक गंमत झाली. माझ्या कॉम्प्युटरवर सूचना आली, की हा पत्ता दुसरं एक यंत्र वापरतंय. असं झालं की निरोप कधी एकाला जातात, कधी दुसऱ्याला, आणि शेवटी दोघांतलं एक मुकं होऊन बसतं. मी माझा पत्ता बदलला. तासाभरात नव्या पत्त्यावरही तेच रडगाणं. मग त्या दुसऱ्या यंत्राची वायर धरून शोधत निघाले. तळमजल्यावरच्या बंद पडलेल्या एक्स-रे खोलीत ती भिंतीतल्या सॉकेटपाशी संपते. सॉकेटला काहीच जोडलेलं नाही. समोर एक खुर्ची. खोलीभर धूळ होती, खुर्चीवर नव्हती.
काका म्हणाले, नाद सोड पोरी, तुझ्याआधीचा मुलगाही हेच शोधत बसायचा. तो कुठे असतो आता, असं विचारलं, तर शिडी खांद्यावर टाकून निघूनच गेले.

गुरुवार, ६
साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. यादी फर्मास झाली म्हणे. मी अजून यादी पाठवलेलीच नाही. पण पाठवलेल्या मेलमध्ये ती आहे — माझ्या नावानं, माझ्याच भाषेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या माझ्या नेहमीच्या चुकांसकट.
मी कॉम्प्युटर बंद केला. वायर उपटली. शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून तपासलं. माझा पत्ता उत्तर देतच होता.
आईला फोन लावला, तर ती हसायलाच लागली. "अगं, आत्ताच तर बोललीस! किती फोन करशील?"
काय बोलले मी? तर म्हणे, उद्या दुपारीच घरी येते.

शुक्रवार, ७. सकाळ
खोलीच्या दाराला माझं कार्ड लागेना. काकांना हाक मारली. त्यांनी निरखून बघितलं माझ्याकडे. कुणाला भेटायचंय बाई तुम्हाला, म्हणाले. मला — अहोजाहो.
काचेतून माझं टेबल दिसलं. कुणीतरी पाठमोरी. माझंच हिरवं स्वेटर. पर्स आवरत होती. निघायच्या तयारीत —
आईचा फोन लागत नाही. घरी जाते —

दुपार
पायरीवर बसलेय. आत ताटं वाजताहेत. आई हसतेय. दुसरं हसू — माझं.
बेल वाजवली. आईनं दार उघडलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मी रडतेय म्हणून तिचा जीव कळवळला. पाणी आणून दिलं. पाठीवरून हात फिरवला — परक्या पोरीच्या पाठीवर फिरवावा तसा.
"कुणाची गं तू? नाव काय तुझं?"
सांगायला तोंड उघडलं. नाही आलं.
आई दारातच थांबलीय अजून. वाट बघतेय. लिहून तरी बघते. माझं नाव —
माझं —