आईच्या उत्पन्नाचा रकाना

प्रिय भिंगरी,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. मशीनवरच ठेवून लिहिते आहे, अक्षर हललं तर समजून घे. पाय सवयीने पायडलवर जातो. वसतिगृहातल्या खिडकीला पडदे लागले का? लांबी मी मुद्दाम चार बोटं जास्त ठेवली आहे, धुतल्यावर आटतील. तू आपली दुमडून शिवायला जाऊ नकोस. तुझी तुरपाई मला माहीत आहे.

बाबा बरे आहेत. म्हणजे जेवतात, कामावर जातात, पण सोमवारपासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. का, ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल.

फी-मदतीचा अर्ज भरलास तो दिवस आठवतो? तू कापायच्या टेबलाच्या टोकाला बसली होतीस आणि मी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा संपवत होते. बाबांचं सोपं होतं, त्यांना पगाराचा कागद मिळतो. मग ‘आईचं उत्पन्न’ असा रकाना आला आणि तुझं पेन थांबलं. मला कोण कागद देणार? कुणी पँटची उंची कमी करून नेतं, कुणी चेन बदलून, हातावर नोटा ठेवतं, त्या मी बटणांच्या डब्यात टाकते, आणि आठवडा संपता संपता डब्यात बटणंच उरतात. शेजारच्या मावशींनी आदल्याच दिवशी मला शहाणं केलं होतं, असले पैसे कुणी लिहीत नसतं, लिहिलेस तर पोरीची मदत अर्ध्यावर येईल. टाचण्या तोंडात असल्या की मी सगळ्याला ‘म्म’ म्हणते, पण तू विचारलंस तेव्हा त्या काढून हातावर ठेवल्या आणि स्वच्छ सांगितलं, शून्य लिही. तू म्हणालीस, खरंच? मी डोळे वटारले. तू लिहिलंस, मी खाली सही केली. नंतर तू पेनाचं टोपण नुसतं लावत-काढत बसलीस. मला वाटलं, भूक लागली असेल.

सोमवारी मला त्या मदत कार्यालयातून बोलावणं आलं. मी माझा निळा कोट घालून गेले, म्हटलं, निदान शिवण तरी बघतील. टेबलामागच्या बाई माझ्याच वयाच्या, आवाजाने मऊ. त्यांची एक बाही खांद्यापाशी उसवली होती आणि माझं लक्ष सारखं तिकडेच. त्यांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एकावर ते शून्य. दुसरा तुझ्या अक्षरातला निबंध. अर्जासोबत घरातल्या एका माणसाबद्दल लिहून द्यायचं होतं, हे तू मला सांगितलंच नव्हतंस. बरोबर आहे, सांगितलं असतंस तर मी वाचायला मागितलं असतं.

तिथे बसून वाचला. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा कुठला खांदा उतरता आहे ते आईला कळतं, असं लिहिलंस. कुणाला दिसत नाही ती आतली शिवणही ती इस्त्री करते, असं लिहिलंस. माझे तीन प्रकारचे ‘म्म’ लिहिलेस, त्यातला तिसरा म्हणजे ‘आता तरी झोप.’ दिवसाला चौदा पँटी झाल्या की माझे डोळे दमतात आणि सुईत दोरा तू ओवून देतेस, हेही लिहिलंस. मला त्या बाईंसमोर रडू आलं, आणि शेजारीच ते शून्य होतं. आणखी एक सांगते. वाचताना मी घाबरत घाबरत त्या करड्या कोटाचं काही आहे का ते शोधत होते. नव्हतं.

बाई म्हणाल्या, ताई, या दोन्हीतलं एकच खरं असणार. माणूस वाईट नाही गं. त्यांनी वाटही दाखवली. मुलं थोडं रंगवून लिहितातच, तसं दोन ओळींत लिहून द्या, मी फाईल बंद करते, म्हणाल्या आणि पेन पुढे केलं. तुझ्यापाशी कशाला लपवू, मी पेन घेतलं. ‘माझ्या मुलीने’ इथपर्यंत लिहिलंसुद्धा. पुढचा शब्द हातातून उतरेना. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या आणि त्या मीच खोट्या ठरवायच्या? मी ते खोडलं आणि लिहिलं, निबंध खरा आहे, रकाना खोटा आहे, शून्य मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मापांच्या नऊ वह्या नेऊन दिल्या, काय अंदाज काढायचा तो काढा म्हटलं.

या वर्षी तुझी मदत कमी होणार. किती, ते अजून ठरायचं आहे. बाबा म्हणाले, एक ओळ लिहायला तुझं काय जात होतं? उरलेली फी कुठून आणायची ते मला माहीत नाही. कालपासून एक टीप सरळ येत नाही, गणवेशाची एक बाही दोनदा उसवली.

पण पत्र त्यासाठी नाही. रकाना तुझ्या अक्षरात आहे, म्हणून तो कुणाच्या सांगण्यावरून भरला असं तुलाही लेखी विचारणार आहेत. त्यांचं पत्र याच आठवड्यात येईल, त्याआधी हे पोचावं. मी उठताना बाईंनी हळूच सांगितलं, चूक पालकांची असेल तर मदत कमी होते, मुलीने जाणूनबुजून केली असेल तर नावच कटतं. आणि मी तुला ओळखते. आठ वर्षांची होतीस. अस्तर समजून मी एका गिऱ्हाइकाच्या करड्या कोटाच्या पाठीलाच कात्री लावली होती. तो माणूस दारात उभा राहून ओरडायला लागला, तशी तू पुढे झालीस आणि म्हणालीस, मी कापलं. लहान पोर बघून तो निवळला. मी मात्र टाचण्या तोंडात धरून गप्प उभी राहिले. त्या काढायला कितीसा वेळ लागतो? आपण दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही, आणि निबंधातही तू मला झाकलंस. तर आता ऐक. या वेळी पुढे होऊ नकोस. आईने सांगितलं म्हणून लिहिलं, एवढंच लिही आणि सही कर. तो कोट मी कापला होता, बाळा.

तुझीच,
आई