वाऱ्याच्या पिशवीला दसऱ्याचा हार

तीर्थस्वरूप नाना यांना पंचवटीहून धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचं पित्त दोन्ही आवाक्यात असतील असं धरून चालतो. आम्ही बरे आहोत. काल दुपारी काही वेळ नव्हतो, त्याचीच हकीकत कळवतो.

आभाच्या विमानाची दसऱ्याची पूजा सांगितल्याप्रमाणे केली. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ विमानाच्या नाकावर फोडणार होतो, पण तुमच्या कन्येने माझा हात धरला. (तिची पकड चांगली आहे.) तुम्ही वणीहून पाठवलेला पाच हात लांब झेंडूचा हार ‘मैदानात सगळ्यात उंच जागी’ बांधायचा होता. उंच म्हणाल तर धावपट्टीशेजारी एकच खांब. त्याच्या टोकाला एक कापडी पिशवी असते, ती वाऱ्याने फुगते. राखणदार गोरक्षला शिडीवर चढवून मी हार तिलाच गुंडाळायला लावला. “लय भारी दिसतंय, गुरुजी,” तो म्हणाला. दिसत होतंच.

मग तुमचं दुसरं काम. तिच्या शेजारी बसा, एक जरी चूक झाली तरी कळवा, विमान विकायला लावतो, असं तुम्ही बजावलं होतंत. म्हणून बसलो. गंगापूर धरण वरून फार लहान दिसतं. (मीही धरणाला तसाच दिसलो असेन.) परतताना आभाने खाली पाहिलं, पिशवी गप्प लोंबत होती, म्हणजे वारा नाही. ती सरळ उतरू लागली, तर धावपट्टी आमच्या खालून बाजूला सरकली आणि समोर कुणाचा तरी द्राक्षांचा मळा आला. तिने विमान पुन्हा वर नेलं. रामरक्षेतला पुढचा श्लोक मला आठवेना, आणि हे माझं पोटापाण्याचं काम आहे.

“मामा, पिशवीला काय बांधलंय?” एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं. मग तिने वीटभट्टीचा धूर कुठे वाहतोय ते पाहिलं आणि आडव्या वाऱ्याकडे विमानाचं नाक वळवून तिरकी आली, इथल्या द्वारका चौकातला रिक्षावाला बघतो एकीकडे आणि जातो दुसरीकडे, तशी. जमिनीशी आल्यावर नाक सरळ केलं. आधी एक चाक टेकलं, मग दुसरं. पोटातलं पाणीही हललं नाही, असं म्हणणार होतो, पण तुम्हाला खोटं लिहवत नाही.

ताईला नमस्कार. यातलं निम्मंच तिला वाचून दाखवा.

तुमचा,
गजानन

ता. क. चूक कुणाची, हे तुम्हीच ठरवा. माझी धरलीत तरी चालेल, मला विकता येणार नाही.

आणखी एक. उतरल्यावर आभाने मला बाजूला घेतलं. म्हणाली, “वारा मीच नीट बघायला हवा होता. बाबा विका म्हणाले तर विकेन. पण हाराचं त्यांना सांगू नका मामा, त्यांच्या जिवाला लागेल.” मी तिला तसा शब्द दिला आहे. तेव्हा हे पत्र फाडून टाका, आणि रविवारी येऊन तिच्या शेजारी बसा.