डेंगामामाची चाल

मुलुंड पूर्व, ६ मे २०२५

प्रिय सौरभ,

सिनेमा कसा वाटला, असं तू पुन्हापुन्हा विचारत राहिलास आणि मी दोन महिने गप्प. त्याबद्दल माफ कर. माझा राग खरा आहे की नुसता हेवा, हेच ठरत नव्हतं. कॉलेजात आपण दोघंही चित्रं काढायचो. तू दिग्दर्शक झालास, मी शाळेत चित्रकला शिकवते. डायरीत स्वतःला उलटसुलट विचारून पाहिलं. हेवा आहे, थोडा. तो बाजूला काढून ठेवला तरी राग तेवढाच उरतो.

सिनेमा चांगला आहे, हे आधी लिहिते, नाहीतर मी अप्रामाणिक ठरेन. माहुलच्या खाडीवरची खरीखुरी मुलगी आणि तिच्याशी गप्पा मारणारा तुझा चितारलेला खेकडा, डेंगामामा. तिने त्याला तळहातावर घेतलं तेव्हा त्याची सावली तिच्या मनगटावर पडली; मी पुढे सरकून बसले. मग तो चालायला लागला. उजवा पाय अर्धगोल फिरवत ओढायचा, उजवी नांगी छातीशी घट्ट, वळताना खडकावर थाप मारायची आणि म्हणायचं, "चला, झाला!" थिएटर खदखदून हसलं. माझ्या शेजारी बाबा बसले होते.

पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यावर तू त्यांना बघायला आलास, आठवतं? आईकडून सोलकढी मागून मागून प्यायलास. "काका, अंधेरीला माझा एक फिजिओ मित्र आहे, त्याला दाखवतो. जरा चालून दाखवा ना," म्हणालास आणि मोबाइल काढलास. बाबांनी आधी केस विंचरले. गॅलरीच्या टोकाला भिंतीवर थाप मारून वळले, "चला, झाला" म्हणाले, आणि तू म्हणालास, "झकास, काका! अजून एकदा." त्या फिजिओचा फोन कधीच आला नाही. बाबा मात्र कितीतरी दिवस विचारत होते, "सौरभच्या डाक्टरान काय सांगल्यान गो?"

आता बिल्डिंगमधली पोरं जिन्यात एक पाय ओढत "चला, झाला!" ओरडतात. त्यांना काही माहीत नाही, त्यांच्यावर रागवू तरी कशी? बाबांनी संध्याकाळी बागेत जाणं सोडलं. घरात वळताना भिंतीला हातसुद्धा लावत नाहीत. ओठ मिटून, तोल सांभाळत वळतात. परवा पडता पडता वाचले. आई म्हणते, "जाऊ दे गो, पोरगो आपलोच." आपलाच होता, म्हणून तर जाऊ देता येत नाही.

रविवारी बोरिवलीला मुलांसाठी सिनेमाचा खास खेळ आहे आणि नंतर डेंगामामाच्या चालीची नक्कल करायची स्पर्धा. परीक्षक तू. 'सर्व वयोगटांसाठी खुली' अशी जाहिरात बाबांनीच वाचली आणि म्हणाले, "माझा नाव घाल." लोक हसतील, मी म्हटलं. "हसांदेत. माका त्याचा तोंड बघूचा आसा." सूड त्यांचा की माझा, त्यांच्या पायांनी मीच चालायला निघाले नाही ना, यावर मी खूप विचार केला. मग नाव दिलं. त्यांना अडवायचा हक्क मला नव्हता, आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला होता. स्टेज चांगलं लांब आहे, मी चौकशी केली. ते सावकाश येतील, तुझ्यासमोर वळतील, तुझ्या टेबलावर थाप मारतील. मग माइक हातात घेऊन, सगळ्या मुलांसमोर, त्यांना चाल किती हुबेहूब जमली ते तू सांगायचंस. तू आम्हाला न विचारता केलंस, मी तुला सांगून करतेय. तेवढा फरक आपल्यात राहावा, म्हणून हे पत्र. आजारी पडू नकोस. पुढच्या खेळालाही आम्ही येऊ.

तुझीच (खोडणार होते, पण हात धजला नाही),
अक्षता

उद्या: बाबांच्या उजव्या चपलेचा पट्टा शिवून आणणे.