बिब्ब्याचे अंगठे

दिल्ली, १५ मार्च १९५५

माय, तुह्या पाया पडून डोमाचा जोहार.

पोचू मास्तर हे कार्ड वाचून दाखवतीन तवा हातातलं काम ठेवून बस. मी बरा आहो. दोन टाइम जेवण भेटते, थंडीही उतरली. मोहाची फुलं पडाले लागली काय?

काल एकदाचा आपल्या गावाचा अर्ज कचेरीत दिला. घटनेच्या यादीत वैनगंगेपलीकडचा गोंड आदिवासी आहे, आपल्या बाजूचा नाई. आमची बहीण मंगली नदीपलीकडं दिली म्हणून ती आदिवासी, अन् तिले जन्म देणारी माय नाई, हे मी साहेबाले सांगितलं. ही यादी बदला म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं, मग कागद पाहून परत केला.

शाई पुसून जाते म्हणून बाबानं सगळ्यायचे अंगठे बिब्ब्याच्या रसात बुडवून घेतले होते ना, तो रस कागदावर पसरला. रेषा दिसत नाईत. निळ्या शाईनं तेच अंगठे पुन्हा घेऊन या म्हणते.

मी हो म्हटलं. पायऱ्या उतरल्यावर ध्यानात आलं का पहिला अंगठा बाबाचा होता, अन् बाबा तर पूस महिन्यातच गेले.

त्यायले माती द्याले मी पोचलो नाई. त्यायचा अंगठा असलेला तो कागद उशाखाली ठेवून राह्यलो.

नव्या कागदावर पहिली जागा तुही. तुह्या अंगठ्यावर बिब्बा लय उतला होता. फोड सुकला काय? रेषा परत आल्या का, तेवढं मास्तरले पाहाले सांगजो.

तुहा डोमा