गौरीच्या आंबिलीचा वाडगा

मारुंजी, २५ सप्टेंबर २००४

ती. बंडोपंत मामांस, जुईलीचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण तो ओसरीवर आहे आणि तुम्हाला ऐकू जायचं तर अख्ख्या आळीला ऐकवावं लागतं. म्हणून रोज दूध घेऊन पुण्याला येणाऱ्या विलासच्या हाती हे पत्र देतेय.

मामा, माझ्यावर चोरीचा आळ आलाय. आमच्याकडे गौरीला आंबील वाढतात तो निळ्या माशाचा चिनी वाडगा तुम्हाला आठवत असेल. लग्नात तुम्ही तो उचलून बुडाला भिंग लावलंत आणि असा जुना माल आपल्या दुकानातही नाही म्हणालात, तेच आता मुळावर आलंय. इथं तो नुसता पाण्यानं विसळून काजळलेलाच ठेवायची रीत. मला काय अवदसा आठवली, यंदा गौरीच्या आदल्या दिवशी सोड्याच्या पाण्यात घालून घासला. लख्ख निघाला. सासऱ्यांनी बघितला मात्र, म्हणाले, आमचा वाडगा असला लकाकत न्हवता, ह्यो बाजारातला हाय, खरा हिच्या मामाच्या दुकानात गेला.

दहा तारखेला, रविवारी भावकी बसणार आहे. मला माहेरी धाडायचं आणि दिशाला इथंच ठेवायचं, हे आधीच ठरवून टाकलंय. तीन वर्षांची आहे हो माझी पोर. इंद्रजित मान खाली घालून जेवतात आणि हिंजवडीला कामावर निघून जातात. नवरा असून नसल्यासारखा. मला काही म्हणता काही सुचत नाही. तुम्हीच काहीतरी करा.

तुमची माया आटू देऊ नका.
जुईली

पुणे, २८ सप्टेंबर

चि. जुईलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ताट तसंच टाकून उठलो. धावत आलो असतो, पण माल ज्याच्या दुकानात गेला म्हणतात त्यानंच निवाडा द्यायचा, तो तुझे सासरे हैबतराव कशाला ऐकतील? त्यांच्या लेखी माझा शब्द फुटक्या कपाच्या किमतीचा. तेव्हा भिंग माझं, डोळे तुझे. विलासबरोबर पाठवलंय.

आधी बूड बघ. झिलई नसलेली तिथली कडा जुन्या भांड्याची झिजून गुळगुळीत होते, नव्याची बोटाला खरखरते. मग झिलई. खरी जुनी झिलई साय धरलेल्या दुधासारखी मऊ चमकते. घासली की उजळणारच, त्यात तुझं पाप नाही. नकली भांडं जुनं दाखवायला आम्लात बुडवतात, ते आतबाहेर सारखंच निस्तेज होतं. नाहीतर पॉलिशपेपर मारतात, त्याचे ओरखडे एका रांगेत असतात. वापराचे ओरखडे वेडेवाकडे, कमीजास्त, आणि पळी फिरते तिथंच. दिवसाउजेडी बघ, ट्यूबलाइटखाली नको.

लहानपणी दुकानातली बशी फोडलीस तेव्हाही असंच आभाळ कोसळलं होतं. धीर धर. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
मामा

मारुंजी, २ ऑक्टोबर

ती. मामांस शि. सा. न.

बूड गुळगुळीत लागलं, तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. मग आत बघितलं. ओरखडे आहेत, वेडेवाकडे आहेत, पण झाडून सगळे डाव्या बाजूला. उजवी बाजू कोरी.

माशाचं तोंड गौरीकडे करून वाडगा ठेवायचा, दार लोटून घ्यायचं आणि घरातल्या थोरल्या बाईनं एकटीनं आंबील वाढायची, अशी इथली रीत. सासूबाई सून होऊन आल्या त्याच वर्षी त्यांच्या सासू वारल्या; हा वाडगा आंबिलीला तेव्हापासूनच, आणि तेव्हापासून त्याच वाढतात. देवाचं म्हणजे उजव्याच हातानं. मग पळी उजवीकडे नको घासायला? मामा, वाडगा खोटाच असला तर मी काय करू? दिशाला आत्तापासूनच आजोबांजवळ निजवतात. मी दाराबाहेर बसून राहते. जीव नकोसा झालाय.

तुमच्या आशेवर असलेली,
जुईली

पुणे, ५ ऑक्टोबर

चि. जुईलीस आशीर्वाद.

रडं आवर आणि नीट वाच. फसवणारा माणूस ओरखडे उजवीकडेच मारील, कारण जग उजव्या हाताचं. डावीकडे मारायची बुद्धी त्याला होत नाही. वाडगा खरा आहे. दार लोटल्यावर पळी कुठल्या हातात असते, ते सासूबाईंना विचार. पण जपून विचार, त्यांचंही काही पणाला लागणार आहे.

तुझाच,
मामा

मारुंजी, ११ ऑक्टोबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

सासूबाईंना विचारलं. त्यांनी डाव्या मनगटावरच्या बांगड्या वर सारल्या. खाली डागल्याचा जुना वण. नव्या नवरीनं डाव्या हातानं ताट वाढलं म्हणून त्यांच्या सासूनं दिलेला. म्हणाल्या, ह्ये कळलं तर मला पुन्यांदा गवराईम्होरं उभी करणार न्हाईत. मी त्यांच्या बांगड्या पुन्हा वणावर ओढल्या.

काल भावकी बसली. सासऱ्यांनी दिशाला मांडीवर घेतलं, जणू निवाडा झालाच. मी वाडगा ठेवला, गौरीपुढं करतात तसं माशाचं तोंड भिंतीकडे केलं आणि तुमचं भिंग सगळ्यांत फिरवलं. ओरखडे सगळ्यांना दिसले. चुलत सासूबाईंनी उजव्या हातानं पळी फिरवली, ती कोऱ्या बाजूनं गेली. सासरे म्हणाले, बगा, खोटा. मी सासूबाईंकडे मुद्दाम बघितलं नाही. ते दुसऱ्यांदा डागल्यासारखं झालं असतं.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. त्या पुढं आल्या, पदर खोचला, पळी डाव्या हातात घेऊन वाडग्यात फिरवली. पळी बरोबर ओरखड्यांवरून गेली. त्यांनी पुन्हा फिरवली, पुन्हा तिथंच. सासऱ्यांनी विचारलं, इतकी वर्सं गवराईला डाव्या हातानं वाढलंस व्हय? सासूबाई म्हणाल्या, व्हय, आन् तिनं कदी त्वांड फिरवलं न्हाई. तुमास्नी फिरवायचं आसंल तर फिरवा.

एकेक करून भावकी उठली. सासूबाईंनी दिशाला सासऱ्यांच्या मांडीवरून उचलून माझ्या कडेवर दिलं. डाव्या हातानंच.

भिंग विलासबरोबर परत पाठवतेय. भाचीवर आहे तेवढाच लोभ आता सासूबाईंवरही असू द्या.
जुईली