शेजाऱ्याची सही

ता. ९ मार्च

दादा,

आधी नमस्कार, बाकी सगळं मागून. वहिनीची कंबर आता कशी आहे? आईला सांग, जेवण वेळेवर होतं आणि खोलीला खिडकी आहे.

इथे काम जोरात चाललंय. ऑफिसात भिंतभर नकाशा लावलाय. नव्या वसाहतीत बत्तीस कारखाने, पण सांडपाण्याचा एक थेंब नदीत जायचा नाही. एकाला नकोसं झालेलं पाणी दुसऱ्याने वापरायचं. दूधवाल्यांचं कोमट पाणी साबणवाल्यांना, तुझ्या सूतरंगाईचं पाणी गाळून शेजारच्या खोकेवाल्या काकांच्या यंत्रांना. पहिल्या दिवशी मी आमच्या इंजिनिअर बाईंना विचारलं, "हे जमेल?" त्या म्हणाल्या, "कोणी खोटं लिहिलं नाही तर जमेल."

म्हणून इथे एक नियम आहे. आपल्या पाण्यात काय काय असतं ते मालकाने अर्जात लिहायचं आणि ते पाणी जो घेणार, त्या शेजाऱ्याने खाली सही करायची. अर्ज तपासायला मी. आठवीत शाळा सुटलेल्याला एवढं काम दिलं म्हणून मी प्रत्येक ओळ तीनदा वाचतो. बाई म्हणतात, "तू तपासलेल्या कागदावर माशीसुद्धा विचारून बसते."

तुझाही अर्ज आला. अक्षर सुरेख आहे. मीठ: एका खेपेला दोन पोती.

दादा, सहा वर्षं मी तुझ्या टाक्यांवर होतो. सात लागतात. खांद्यावरून मीच वाहिली आहेत.

खाली काकांची सही आहे. वाचलं का, असं मी त्यांना विचारलं, तर हसले. "तुझ्या दादाचं काय वाचायचं? त्याने कोरा कागद दिला असता तरी केली असती." एवढ्या मिठाने त्यांच्या नळ्या दोन वर्षांत सडतील. जुना कारखाना मोडून ते इथे यायला निघालेत. परतायला त्यांना जागा नाही.

चार दिवस अर्ज खणात ठेवला. तुझ्यावर चिडलो होतो असं लिहिणार होतो, पण ते अर्धंच खरं आहे. गेल्या महिन्यात घरी जेवताना मोठेपणा मिरवत मीच म्हणालो होतो, "तीन पोत्यांच्या वर गेलं की अर्ज बाजूला पडतो." तू विचारलंही नव्हतंस. वहिनी म्हणाली होती, "भाऊजी, ऑफिसातलं ताटावर आणू नका." आपल्या तिघांत तीच शहाणी.

आज सकाळी बाईंना सगळं सांगितलं. आधी माझ्या तोंडाचं, मग तुझ्या आकड्याचं. त्यांनी तपासणी माझ्याकडून काढून घेतली. उद्यापासून मी नळांसाठी खणलेल्या चरांची खोली मोजणार. त्यात मी चुकणार नाही.

तरी दारातून मागे वळून विचारलंच, "सात लिहिली तर जागा जाते का?" बाईंनी नकाशाच्या अगदी कडेच्या जागेवर बोट ठेवलं. तिथे रंगाईचं खारं पाणी साफ करून पुन्हा रंगाईलाच वापरता येईल. नवं मीठही कमी लागेल. टाकी तुला बांधावी लागेल आणि तुला हवी होती तशी रस्त्यालगतची जागा मिळणार नाही. पण जागा मिळेल. आकडा मात्र खराच लागेल, कारण टाकीचं माप त्यावरूनच काढतात.

कोरा अर्ज सोबत जोडला आहे. मुदत शुक्रवारी दुपारपर्यंत. त्याआधी काकांना तूच सांग. माझ्याकडून कळलं तर ते तुला माफ करतील, पण पुढे तुझा प्रत्येक कागद वाचून सही करतील. गुरुवार संध्याकाळपर्यंत तू गेला नाहीस, तर मी जाईन.

घरचा भेदी म्हणशील. म्हण, पण अर्ज घेऊन ये. मी ऑफिसच्या फाटकाशी उभा असेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर नुसता हातात दे.

तू रागावणार हे धरूनही तुझाच,
धाकटा